मगदूम अक्कांची खंडेनवमी

मागच्या महिन्यात साताऱ्यात एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारी पुण्याच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतला एक जावई बसला होता. त्याच्या तोंडून सारखं कोड, कोड ऐकून मी आपलं मगदूम अक्कांचं नाव काढलं आणि त्या काय करतात ते सांगितलं. गड्यानं मठ्ठ्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "म्हणजे नवीन काहीच बनवत नाहीत? दुसऱ्यांचा जुना कोड झाडत बसतात? आणि तेही फुकट?" वर हसला! माझी जिलेबी हातातच राहिली. कार्य दुसऱ्याचं, म्हणून गप्प बसलो. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, ह्याला मी लेखी उत्तर देणार. ती म्हणाली, "द्या. पण आधी बीपीची गोळी घ्या."

गोळी घेतली आहे. आता ऐका.

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. ट्रॅक्टरचे आणि पंपांचे सुटे भाग करायचो. मी तिथं स्टोअरला, आणि अक्का तपासणीला. शकुंतला मगदूम हे नाव फक्त पगारपत्रकावर. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्काच. दहावीनंतर आयटीआयला मशिनिस्टच्या वर्गात एकटी मुलगी म्हणून बसलेली बाई. ठेंगणी, काटक, निळ्या एप्रनच्या खिशात कायम व्हर्निअर, म्हणजे केसाएवढा फरक मोजणारी मोजपट्टी. तयार झालेला दांडा हातात घ्यायच्या, व्हर्निअर लावायच्या, आणि नापास असेल तर दोनच शब्द बोलायच्या, "न्हेऊन ठेव." कुठं न्यायचं ते सांगावं लागत नव्हतं. भंगाराचा लोखंडी डबा दाराजवळच होता.

लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारायची छाती माझ्यात नव्हती. घर जैन वळणाचं, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवण. साडेपाच वाजले की मशीन चालू असो, मालक समोर उभा असो, डबा उघडायचाच. पुढं अक्कांच्या परदेशातल्या लोकांबरोबर कॉम्प्युटरवर बैठका सुरू झाल्या, तेव्हाही ह्यात तसूभर फरक पडला नाही. बैठक ऐन रंगात, सात देशांची माणसं पडद्यावर, आणि अक्का त्यांना सांगणार, दिवस मावळतोय, मी जेवून येते. की उठल्याच!

त्या लोकांत अक्का गेल्या कशा, ते सांगतो. आमच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ आली. प्रत्येक भागाचा एक प्रोग्रॅम, म्हणजे हत्यारानं कुठून कुठे जायचं, किती कापायचं त्याची फाइल. एकदा दुसऱ्या पाळीत कुणीतरी आकडा बदलला आणि सगळा लॉट बारीक निघाला. झाली बोंबाबोंब. हा म्हणतो मी नाही, तो म्हणतो मी नाही. अक्कांनी दोन दिवस तो तमाशा बघितला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कुणी बदललं, कवा बदललं, का बदललं, हे कागदावर असतं तर माणसं एकमेकाच्या नरड्याला लागली नसती."

मग शोधून शोधून त्यांनी एक सॉफ्टवेअर काढलं. फाइलमधला प्रत्येक बदल, तो करणाऱ्याचं नाव, दिवस, कारण, सगळं टिपून ठेवायचं. चुकलं तर हवं तेवढं मागं जायचं. दोघांनी वेगवेगळा केलेला बदल नीट जोडून द्यायचं. आणि ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. कोड सगळ्यांना उघडा, जगभरची माणसं मिळून सांभाळणार. अक्कांनी ते ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि पहिल्याच दिवशी ठिणगी पडली.

आमच्या फाइलींची नावं मराठीत. 'मोठा दांडा', 'पंपाची चकती' अशी. ते सॉफ्टवेअर ह्या नावांच्या जागी नुसत्या आकड्यांची आणि तिरप्या रेघांची रांग दाखवायचं. अक्कांनी त्या लोकांना ईमेलनं पत्र लिहिलं. अक्कांचं इंग्रजी म्हणजे रजेच्या अर्जाचं इंग्रजी, चार शब्दांचं वाक्य आणि फुलस्टॉप. पलीकडून उत्तर आलं, इंग्रजी नावं द्या, काम होईल.

दुसरा कुणी असता तर त्यानं 'बिग शाफ्ट' लिहून विषय संपवला असता. मीच लिहिलं असतं. अक्का कडाडल्या, "का म्हणून? मशीनवर दत्ता उभा ऱ्हातोय. त्येला मराठी वाचाय येतंय. त्येच्या मशीनवरचं नाव त्येला कळंल असंच असणार. ह्येंनी सुधारायचं, आमी न्हाई." तसंच उत्तर धाडलं. तिकडून कुणीतरी लिहिलं, कोड उघडा आहे, तुम्हीच सुधारा. टोमणाच होता तो. पण टोमणा कुणाला मारलाय ते त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

आठ महिने लागले. सांगलीतून जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, शेजारी डिक्शनरी. रोज पहाटे पाच ते सात अभ्यास, मग आंघोळ, मग पाळी. अक्का कोड पडद्यावर वाचत नसत. रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या बाजूवर छापून घ्यायच्या आणि तांबड्या पेन्सिलीनं ओळीशेजारी एकच शब्द लिहायच्या, 'का?' असे 'का?' लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्या स्टोअरमध्ये बेअरिंगच्या खोक्यांवर असायचा. आठ महिन्यांनी अक्कांचा पहिला पॅच गेला. पॅच म्हणजे छोटासा बदल, सोबत तो का केला त्याची चिठ्ठी. तो स्वीकारला गेला. दत्ताला पडद्यावर 'मोठा दांडा' दिसला. दत्ता म्हणाला, "आयला, आलं की!" बास. एवढाच सत्कार.

पण एकदा आत शिरल्यावर अक्कांना तिथली अडगळ दिसली, आणि ही बाई अडगळ बघून परत फिरणारी नव्हे. मला समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं होतं ते असं. जुन्या कोडमध्ये एक सामायिक जागा होती. सॉफ्टवेअरचा कुठलाही भाग यायचा, तिथून लागेल ते उचलायचा, वापरून तिथंच टाकून जायचा. एक जण काम करत असेल तोवर ठीक. दोघं एकदम आले की कुणाचं काय, पत्ता नाही. "आपल्या शॉपला एकच टूलबॉक्स असता आन् तीस माणसं, तर काय झालं असतं?" मी म्हटलं, "मारामारी." "मग! तेच झालंया तिथं."

त्यावरचा इलाज म्हणजे ज्या भागाला जे लागतं ते त्याच्या हातात मोजून द्यायचं, आणि ती सामायिक जागा हळूहळू बंद करायची. शेकडो ठिकाणी बदल. एका वेळी एक, छोटा, चिठ्ठीसकट. अक्कांची चिठ्ठी कधी उद्धट नसायची, हे मात्र सांगितलं पाहिजे. समोरच्या माणसाला फाडून खाणारी बाई, पण ज्यानं दहा वर्षांपूर्वी ते वाकडंतिकडं लिहिलं त्याला कधी नावं ठेवत नसे. आधी तो माणूस तसं का वागला ते शोधायचं. मग लिहायचं, त्या वेळी हे बरोबर होतं, आता गरज संपली. मला म्हणायच्या, "कळंना झालं तर हात लावायचा न्हाई, भाऊ. आन् कळालं की सोडायचं न्हाई."

तीन वर्षं हे चाललं. वापरणाऱ्याला एका शब्दाचा फरक दिसत नव्हता. दिसू नये हीच तर खटपट! त्यामुळे कौतुक कोण करणार? तरी साताऱ्याच्या एका कॉलेजानं अक्कांना भाषणाला बोलावलं. मीही गेलो, गाडीभाडं कॉलेजचं होतं. ओळख करून देणाऱ्या प्राध्यापकांनी सुरुवातच केली, "एक साधी गृहिणी असूनही..." अक्का खुर्चीवरूनच म्हणाल्या, "आवं सर, मी चोवीस वर्षं तपासनीस हाय. घरात बसाय मला येळ कवा मिळाला?" पोरं खूश! मग एका मुलीनं विचारलं, तुम्ही कोणतं नवीन फीचर बनवलं? "एकबी न्हाई." हशा. अक्का थांबल्या, हशा संपू दिला, आणि खिशातून व्हर्निअर काढला. "ह्यो माझा व्हर्निअर. ह्येला चोवीस वर्षांत एकबी नवीन फीचर आलं न्हाई. पण दर सोमवारी ह्येचं शून्य शून्यावर हाय का बघावं लागतंय. एक सोमवार चुकला तर आठवडाभर जे मोजाल ते खोटं. कुणीतरी शून्य बघाय पायजे का नको?" मागून एका पोराचा आवाज आला, आता एआय कोड लिहितं, मग तुमचं काय? अक्का म्हणाल्या, "लिहू दे की! लय लिहू दे. पुसाय मी हाय."

आता मुख्य गोष्ट. ह्याच बाईच्या हातून चूक झाली, आणि तीही अशी की ती फक्त आमच्या कुपवाडातच होऊ शकते.

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा. अष्टमीला सगळी मशीनं पुसायची, तेलपाणी करायचं. नवमीला हळदकुंकू, झेंडू, नारळ. नवमी आणि दसरा, दोन दिवस कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. घरचा देवधर्म ज्याचा त्याचा, पण कारखान्यातली खंडेनवमी सगळ्यांची. आणि अक्कांचा लॅपटॉप हे अक्कांचं हत्यार. तो व्हर्निअरच्या शेजारी पाटावर बसायचा, हार घालून. त्यांचा मोबाइल बटणांचा, त्यावर पत्रं येत नाहीत.

त्या वर्षी अष्टमीला सात पॅचांची एक माळ तयार होती. चार पक्के तपासून झाले, तीन एकदा पुन्हा बघायचे होते. दिवस मावळायला आला. अक्कांनी चार धाडले आणि लिहिलं, उरलेले पॅच तीन दिवसांनी, उद्या आमच्या हत्यारांचा सण आहे. लॅपटॉप मिटला, पुसला, पाटावर ठेवला.

तिकडं ह्या सगळ्या कारभाराचा एक प्रमुख होता. अक्का त्याला मुकादम म्हणत. मुकादमाला सण-बिण काय कळणार? चार पॅच चांगले दिसले, घेतले, आणि ऐन नवमीला नवीन व्हर्जन जगभर सोडलं. पण चौथ्या पॅचनं जुनी सोय काढली होती आणि नवी सोय पाचव्यात होती. पाचवा कुपवाडात, झेंडूच्या हाराखाली! देशोदेशी लोक दोघांचं काम जोडायला गेले की सॉफ्टवेअर मधेच बंद पडायला लागलं. कुणाचं काही हरवलं नाही, पण भीतीनं सगळ्यांची गाळण उडाली. दोन दिवस जग अक्कांच्या नावानं ठणाणा करत होतं आणि अक्का आम्हाला आपट्याची पानं वाटत होत्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टोअरमध्ये आल्या आणि ऑइलच्या बॅरलवर बसल्या. आजवर ही बाई कामाच्या वेळात बसलेली मी बघितली नव्हती. म्हटलं, "काय झालं, अक्का?"

"चूक झाली, भाऊ. चौथा पाचव्याबिगर धाडाय नको हुता."

एवढंच असतं तर निभावलं असतं. पण त्या लोकांत एक बडा प्रोग्रॅमर होता. मोठ्या कंपनीचा पगारी माणूस, फोटोत भरघोस मिशा. अक्कांच्या तोंडी तो नुसता मिशीवाला. त्यानं सगळ्यांना पत्र लिहिलं होतं की ह्या बाईंचं तीन वर्षांचं सगळं काम काढून टाका, जुना कोड होता तसा ठेवा, आणि ह्यापुढं असली शोभेची कामं त्यांच्याकडून घेऊ नका. मुकादमानं मत मागितलं होतं. बऱ्याच जणांनी हो म्हटलं होतं.

मला खरंच वाईट वाटलं. मी समजुतीनं म्हटलं, "जाऊ द्या, अक्का. कोण तुम्हाला पगार देतंय? सोडून द्या."

अशा उठल्या की बॅरल कलंडलं! "फुकटचं हाय म्हणून घाण ठेवायची व्हय? सोडा काय सोडा! चौथा चुकला, तर चौथा काढीन. माझ्या हातानं काढीन. पण बाकीच्यांनी काय घोडं मारलंय ह्येचं? नापास झालेला दांडा भंगारात टाकत्यात, भाऊ. त्येच्यासाठी पास झालेला लॉट टाकत न्हाईत. चोवीस वर्षं मी हे असलं कधी होऊ दिलं न्हाई, आन् आता माझ्याच लॉटला होऊ देऊ?"

बोलताना आवाज फाटला. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत. मला म्हणाल्या, "बसा. मी लिवते, तुमी मोठ्यानं वाचून दावा. कानाला कसं लागतंय बघायचंय."

ते पत्र मी वाचलं आहे, माझ्या मोडक्या इंग्रजीत, बेअरिंगच्या खोक्यांपुढं. त्यात लिहिलं होतं की चूक माझी आहे, सणाची नाही. चौथा पॅच मी आज स्वतः मागे घेतला आहे. बाकीच्या पॅचांत चूक नाही. ज्यांना ते काढायचे आहेत त्यांनी एकेक पॅच घ्यावा आणि त्यानं काय मोडलं ते दाखवावं. मी प्रत्येकाला उत्तर देईन. मी रोज पहाटे पाच ते सात हजर आहे. सूर्यास्तानंतर नाही.

मी म्हटलं, "शेवटचं वाक्य काढायचं का? जरा ताठ वाटतंय." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. ताठच हाय ते."

मिशीवाला काही साधा गडी नव्हता. त्यानं खरंच एकेक पॅच उचलला. रोज पहाटे त्याचा प्रश्न, अक्कांचं उत्तर. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा परत बाहेर निघाला. ज्या ओळीशेजारी 'का?' लिहिलं होतं त्या प्रत्येक ओळीचं कारण बाईनं पुराव्यासकट मांडलं, चाचणी चालवून दाखवली. तीन आठवडे हा खेळ सगळ्या जगासमोर चालला. आम्ही कारखान्यात रोज विचारायचो, "आज काय?" अक्का सांगायच्या, "आज सहा टिकलं, एक बी पडलं न्हाई." दत्तानं तर फळ्यावर आकडा लिहायला सुरुवात केली होती. शेवटी दोन पॅच मिशीवाल्यानं पाडले. ते दोन अक्कांनी तिथल्या तिथं काढले. मला म्हणाल्या, "ते दोन त्येचं बरोबर हुतं. डोळा हाय त्येला." बाकी सगळं काम राहिलं. मुकादमानं तसा निकाल दिला. मिशीवाल्यानं माफी मागितली का, असं मी विचारलं. "माफी घिऊन काय करू? काम ऱ्हायलं, बास."

पुढच्या वर्षी मी निवृत्त होऊन साताऱ्याला आलो. पण खंडेनवमीला मला राहवेना. सकाळच्या एसटीनं सांगली गाठली, तिथून कुपवाड. लेथला हार होते, ग्राइंडरला नाम ओढले होते, उदबत्त्यांचा वास तेलाच्या वासात मिसळला होता. पाटावर अक्कांचा लॅपटॉप, त्याच्यावर व्हर्निअर, दोघांना मिळून एक झेंडू. अक्कांच्या अंगावर एप्रन नव्हता, मोरपंखी साडी होती. मला बघून म्हणाल्या, "आला व्हय? मला वाटलं, साताऱ्याला जाऊन सायेब झाला."

प्रसाद दिला आणि एक घडी घातलेला कागद हातात ठेवला. आदल्या दिवशी छापून घेतलेलं पत्र. मिशीवाल्यानं सगळ्यांना लिहिलं होतं की उद्या आणि परवा कुपवाडात हत्यारांचा सण आहे. दोन दिवस कुणीही कोडमध्ये काही घेऊ नये. नवीन व्हर्जन त्यानंतर सोडू.

मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, "अक्का, जिंकलात की!"

"कशाचं जिंकलं! त्येला कालच लिवलं मी, माझ्यासाठी थांबू नगा म्हणून. ह्या खेपेला पुरी माळ धाडलीय, दिवस मावळायच्या आत. मागं एक बी ऱ्हायला न्हाई. आमचा सण आमी कुणासाठी सोडला न्हाई, तुमीबी तुमचं काम सोडू नगा."

"मग? सोडलं का त्यांनी व्हर्जन?"

"काय ठाऊक!" अक्का हसल्या. "बसलं असत्याल हाताची घडी घालून, न्हाईतर सोडलं असंल."

मला काही दम निघेना. पाटाकडं हात केला, म्हटलं, "एकदा उघडून बघू या का, काय म्हणतायत ते?"

फाडकन माझ्या हातावर चापट बसली. "हात लावायचा न्हाई! एवढी वर्षं स्टोअरला काढली, आन् नवमी कळंना तुमाला?"

तेवढ्यात मागच्या शेडमध्ये कुणीतरी हवा मारायला कॉम्प्रेसर चालू केला. अक्कांनी पदर खोचला आणि तरातरा तिकडं निघाल्या. "कोन हाय रं तिकडं? बंद कर आधी!" त्यांचा आवाज आत गेला आणि कॉम्प्रेसर बंद पडला. मला परतीची एसटी गाठायची होती, निघालो. त्यानंतर अजून त्यांची-माझी गाठ पडलेली नाही, त्यामुळे त्या वर्षी व्हर्जन सुटलं की थांबलं ते मला आजही ठाऊक नाही.